मॉइश्चरायझर लावूनही त्वचा पुन्हा कोरडी पडते किंवा झोंबते: अडचण नेमकी कुठे आहे हे कसं शोधावं

क्रीम लावलं की अर्धा तास बरं वाटतं, मग गालांना पुन्हा ओढ बसते. पिंडऱ्यांवर पांढरे पापुद्रे निघतात. म्हणून दुसरं क्रीम येतं, ते झोंबतं. तिसऱ्याने कपाळावर बारीक पुरळ उठते. शेवटी कपाटात अर्धवट वापरलेल्या चार-पाच डब्या जमतात आणि त्वचा जिथल्या तिथेच राहते. अशा वेळी दोष बहुतेकदा क्रीम ‘हलकं’ असण्यात नसतो. लावण्याचं प्रमाण कमी पडत असतं, त्याआधीचं धुणं जास्त होत असतं, किंवा क्रीममधला एखादाच घटक त्वचेला चालत नसतो. यांपैकी काय घडतंय, ते त्रास केव्हा सुरू होतो यावरून बऱ्यापैकी कळतं. त्यामुळे नवीन डबी आणण्याआधी दोन-तीन दिवस घड्याळाकडे लक्ष ठेवा: लावताक्षणी झोंबतं, तासाभरात कोरडं पडतं, एक-दोन दिवसांनी खाज सुटते, की काही आठवड्यांनी पुटकुळ्या येतात?

लावताक्षणी झोंबतं, पण थोड्या वेळात थांबतं

ही बहुतेक वेळा ॲलर्जी नसते. त्वचेचा सगळ्यात वरचा थर फाटलेला असतो आणि त्यातून घटक खालच्या मज्जातंतूंपर्यंत पोचतात. थर फारच बिघडला असेल तर साधं पाणीही चुरचुरतं. झोंबणारे नेहमीचे घटक म्हणजे युरिया, लॅक्टिक ॲसिड, ग्लायकोलिक ॲसिड, प्रॉपिलीन ग्लायकॉल, बेन्झोइक आणि सॉर्बिक ॲसिड, डिनेचर्ड अल्कोहोल आणि क जीवनसत्त्वाचं ॲसिड रूप. यांतले काही कोरड्या त्वचेसाठी चांगलेच आहेत. युरिया ५ ते १० टक्के असेल तर तो पाणी धरून ठेवतो. पण भेगा पडलेल्या किंवा खाजवून सोललेल्या जागी तोच युरिया आग करतो. घटक वाईट नाही, वेळ चुकीची आहे.

अशा वेळी पाच-सात दिवस सगळं थांबवा. रेटिनॉल, ॲसिडं, स्क्रब, टोनर, काहीही नको. त्या काळात पाणी नसलेलं मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावा. पाण्याचा अंश असलेल्या जवळजवळ प्रत्येक क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं. पाणी नसेल तर त्याची गरज फारशी उरत नाही, आणि झोंबणाऱ्या घटकांची संख्या आपोआप घटते. मलम चिकट लागतं, उशीला डाग पडतात, हे खरं. पण सोललेल्या त्वचेवर इतकी कमी कटकट करणारं दुसरं काही सहसा सापडत नाही. झोंबणं थांबलं की मग क्रीमकडे वळा.

तासाभरात पुन्हा कोरडं

वरच्या थरातलं पाणी साधारण १० टक्क्यांच्या खाली गेलं की त्वचा खरखरीत होते आणि पापुद्रे सुटतात. हे पाणी टिकवण्यासाठी मॉइश्चरायझरमध्ये तीन प्रकारचे घटक असतात. ग्लिसरीन, हायल्युरॉनिक ॲसिड, युरिया आणि पँथेनॉल पाणी ओढून धरतात. सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड आणि स्क्वालेन पेशींमधल्या फटी भरून पृष्ठभाग मऊ करतात. पेट्रोलॅटम (म्हणजे पेट्रोलियम जेली), डायमेथिकोन, मिनरल ऑइल आणि मेणं वर पातळ पडदा धरून वाफ अडवतात. पाणी अडवण्यात पेट्रोलॅटमच्या जवळपास दुसरं काही पोचत नाही. महागड्या बियांच्या तेलांनी त्याची बरोबरी होत नाही.

इथेच बऱ्याच जणांची निवड चुकते. पारदर्शक, हलकं, लगेच मुरणारं जेल घेतलं जातं. त्यात पाणी धरणारे घटक भरपूर असतात, पण वरून अडवणारं जवळजवळ काही नसतं. खोलीतली हवा कोरडी असेल, एसी किंवा हीटर चालू असेल, तर धरलेलं पाणी उडून जातं आणि त्वचा आधीपेक्षा जास्त ताणल्यासारखी वाटते. असं जेल टाकून देण्याची गरज नाही. ओलसर चेहऱ्यावर लावा आणि वरून क्रीमचा थर द्या.

लोशनमध्ये पाणी जास्त आणि तेल कमी असतं, क्रीममध्ये तेलाचा वाटा वाढतो, मलमात तर बहुतांश तेलच असतं. कोरड्या त्वचेसाठी पंपाच्या बाटलीतलं पातळ लोशन हा दुबळा पर्याय आहे, मग त्यावर ‘अतिकोरड्या त्वचेसाठी’ असं छापलेलं असलं तरीही. मला विचाराल तर रोजच्या वापरासाठी ट्यूबमधलं किंवा पंपाच्या डबीतलं घट्ट क्रीम आणि रात्री फक्त जास्त कोरड्या जागी मलम, ही जोडी बहुतेकांना पुरते.

प्रमाण: इथे जवळपास सगळेच कमी पडतात

त्वचारोगतज्ज्ञ एक सोपं माप वापरतात. ट्यूबचं तोंड साधारण ५ मिलिमीटरचं असेल, तर तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत क्रीमची एक पट्टी पिळा. ते सुमारे अर्धा ग्रॅम होतं, आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला तेवढं पुरतं. प्रौढ माणसाच्या चेहऱ्याला आणि मानेला मिळून अडीच पट्ट्या लागतात. एका हाताला पंजासकट ४, एका पायाला पावलासकट ८, छाती-पोटाला ७ आणि पाठीला ७. सगळी बेरीज ४० च्या आसपास, म्हणजे पूर्ण अंगाला एका वेळी जवळपास २० ग्रॅम.

आता हिशेब करून बघा. फक्त हातपाय कोरडे असतील तर २४ पट्ट्या, म्हणजे १२ ग्रॅम. दिवसातून एकदाच लावलं तरी १०० ग्रॅमची ट्यूब आठ दिवसांत संपायला हवी. ती दोन महिने पुरत असेल तर क्रीम निकामी नाही, ते त्वचेपर्यंत पुरेसं पोचतच नाही. एक्झिमा (इसब) असलेल्या प्रौढांना म्हणूनच आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम वापरायला सांगतात. एवढं लावायचं म्हटल्यावर छोटी महाग डबी परवडत नाही, आणि परवडत नाही म्हणून हात आखडतो. साध्या घटकांचं मोठं पॅक घ्या आणि सढळ हाताने लावा. महाग क्रीम जपून लावण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

लावताना रगडू नका. चार-पाच ठिकाणी ठिपके ठेवून केसांच्या दिशेने खाली पसरवा. उलटं चोळलं तर केसांच्या मुळाशी क्रीम साठून लाल फोड्या येतात. अंघोळीनंतर टॉवेलने टिपून घ्या, त्वचा किंचित ओली असतानाच, साधारण तीन मिनिटांच्या आत लावा. पूर्ण वाळल्यावर लावलेलं तेच क्रीम कमी काम करतं, कारण अडवून ठेवायला पाणीच उरलेलं नसतं.

आधी धुणं बघा, मग क्रीम

निरोगी त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ४.५ ते ५.५ असतो. नेहमीच्या साबणाचा ९ ते १० असतो. त्या पीएचला त्वचेवरची चरबी बांधणारी एन्झाइम्स नीट काम करत नाहीत आणि वरचा थर विस्कळीत होतो. शिवाय सोडियम लॉरिल सल्फेटसारखे तीव्र फेस करणारे घटक पेशींमधली चरबीही धुऊन नेतात. अंघोळीनंतर त्वचा ‘करकरीत’ लागली की स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, पण ती करकर म्हणजे चरबी गेल्याची खूण आहे. सकाळ-संध्याकाळ अशी धुलाई चालू असेल तर कुठलंही क्रीम त्यापुढे टिकत नाही.

पाणी कोमट ठेवा, अंघोळ ५ ते १० मिनिटांत उरका. फेस करणारं काहीही काखा, जांघा आणि पावलं एवढ्यापुरतंच वापरा. हातपाय आणि पाठ घामट किंवा मळकट नसेल तर पाणी पुरतं. चेहऱ्याला सकाळी फेसवॉशची गरज सहसा नसते. रात्री सनस्क्रीन काढायचं असेल तर फेस न करणारं क्लीन्झर घ्या. एक आठवडा एवढाच बदल करून क्रीम तेच ठेवा. बऱ्याचदा ‘काम न करणारं’ क्रीम इथेच काम करू लागतं.

‘ॲक्वियस क्रीम’ नावाचं एक जुनं साधं क्रीम अजून अनेकांच्या घरी असतं. त्याच्या पारंपरिक कृतीत सोडियम लॉरिल सल्फेट असतं. साबणाऐवजी लावून धुऊन टाकायला ते ठीक आहे, पण अंगावर ठेवलं तर काहींची त्वचा जास्त कोरडी आणि लाल होते. नाव क्रीम असलं तरी ते मॉइश्चरायझर म्हणून ठेवू नका.

एक-दोन दिवसांनी खाज, लाली, बारीक पाणीदार फोड

झोंबणं आणि ॲलर्जी यांतला फरक वेळेचा आहे. ॲलर्जी सहसा २४ ते ७२ तासांनी दिसते, खाज प्रमुख असते, आणि क्रीम लावलेल्या जागेबाहेरही ती पसरू शकते. वर्षभर चांगलं चाललेल्या क्रीमचीही ॲलर्जी होते. ‘इतके दिवस वापरतोय, म्हणजे हे कारण नसणार’ हा तर्क इथे चालत नाही.

सुगंध हा पहिला संशयित. लिनालूल आणि लिमोनिन हे सुगंधी घटक हवेशी संपर्क आल्यावर ऑक्सिडाइझ होतात आणि मग जास्त ॲलर्जी देतात, म्हणून उघडून बराच काळ झालेली डबी नव्यापेक्षा जास्त त्रास देऊ शकते. लॅव्हेंडर, टी ट्री किंवा लिंबूवर्गीय तेलं ‘नैसर्गिक’ असली तरी याच रांगेत उभी आहेत. त्यानंतर प्रिझर्व्हेटिव्ह: मिथाइलआयसोथायझोलिनोन, त्याचंच भावंड मिथाइलक्लोरोआयसोथायझोलिनोन, आणि फॉर्मल्डिहाइड सोडणारे डीएमडीएम हायडँटॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, क्वाटर्नियम-१५. यांतला पहिला इतका त्रासदायक ठरला की युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर ठेवायच्या सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. लॅनोलिन, प्रॉपोलिस आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचाही त्रास काहींना होतो. याउलट पॅराबेनचं नाव विनाकारण खराब झालंय. ॲलर्जीच्या दृष्टीने ते सौम्य प्रिझर्व्हेटिव्हपैकी आहेत, आणि ‘पॅराबेन फ्री’ करायच्या नादात त्यांच्या जागी अनेकदा जास्त ॲलर्जी देणारे पर्याय आले.

नवीन क्रीमची चाचणी मनगटावर एकदा लावून होत नाही. अशी करा:

१. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढी जागा ठरवा. तिथे दुसरं काही लावू नका.
२. दिवसातून दोनदा, त्याच जागी, सात दिवस क्रीम लावा. धुऊन टाकू नका.
३. खाज, लाली किंवा बारीक फोड आले तर थांबवा. नुसतं दोन मिनिटं चुरचुरून गेलं तर चाचणी चालू ठेवा.
४. आठव्या दिवशी जबड्याच्या कडेला लावून बघा, दोन-तीन दिवसांनी पूर्ण चेहऱ्याला.

स्वच्छ धुऊन टाकायच्या वस्तू, म्हणजे शाम्पू किंवा फेसवॉश, अशा तपासू नका. त्या अंगावर ठेवल्या तर कुणाचीही त्वचा लाल होऊ शकते.

लेबल वाचताना

यादीत घटक जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहिलेले असतात, पण १ टक्क्याखालचे कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. ती रेघ कुठे पडते ते सांगणारा एक सोयीचा खुंटा आहे: फिनॉक्सीइथेनॉल. हे प्रिझर्व्हेटिव्ह सहसा १ टक्क्यापर्यंतच वापरतात, त्यामुळे त्याच्यानंतर लिहिलेलं सगळं साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी असतं. समजा यादी अशी आहे: पाणी, ग्लिसरीन, पेट्रोलॅटम, सेटेअरिल अल्कोहोल, डायमेथिकोन, फिनॉक्सीइथेनॉल, सेरामाइड एनपी, ओट अर्क, परफ्यूम. हे क्रीम खरं तर ग्लिसरीन आणि पेट्रोलॅटमच्या जोरावर चालतं. सेरामाइड थोड्या प्रमाणातच वापरतात, त्यामुळे ते शेवटाकडे दिसणं ही फसवणूक नाही. पण डबीवर मोठ्या अक्षरात त्याचं नाव आहे म्हणून दुप्पट पैसे मोजायचं कारणही नाही. आणि शेवटचा परफ्यूम कितीही कमी असला तरी संवेदनशील त्वचेसाठी ही डबी परत फळीवर.

सेटेअरिल, सेटिल, स्टिअरिल अल्कोहोल पाहून घाबरू नका, ती मेणासारखी स्निग्ध द्रव्यं आहेत. कोरडं करतं ते डिनेचर्ड अल्कोहोल, आणि ते यादीत पहिल्या पाच-सहा नावांत असेल तर नको. ‘अनसेन्टेड’ म्हणजे सुगंध नाही असं नव्हे, वास झाकायला त्यातही सुगंधी द्रव्य असू शकतं. ‘फ्रॅग्रन्स फ्री’ शोधा आणि तरीही यादी वाचा. ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दामागे सगळीकडे लागू असलेली कुठली ठरलेली चाचणी नाही, तो वाचून पुढे सरका.

नायासिनामाइड २ ते ५ टक्के असेल तर त्वचेला स्वतःचं सेरामाइड बनवायला मदत होते. १० टक्क्यांच्या सीरमने मात्र संवेदनशील चेहरा लाल होऊ शकतो.

काही आठवड्यांनी पुटकुळ्या

घट्ट क्रीम तेलकट भागावर, म्हणजे कपाळ, नाक आणि हनुवटीवर पातळ लावा, गालांवर जाड. सगळ्या चेहऱ्याला एकच थर द्यायलाच हवा असं नाही. एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या कपाळावर किंवा पाठीवर असतील तर त्या यीस्टमुळेही (त्वचेवरच्या एका बुरशीमुळे) असू शकतात, आणि मग तेलं वाढवल्याने त्रास वाढतो. ऑलिव्ह तेल तर कोरड्या त्वचेवरही नको. त्यातलं ओलेइक ॲसिड वरचा थर विस्कटवतं.

मुळात कोरडेपणा नसतोच तेव्हा

भुवया, नाकाच्या कडा आणि कानांमागे पिवळसर, तेलकट पापुद्रे असतील आणि डोक्यात कोंडा असेल, तर तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस असण्याची शक्यता मोठी. त्याला बुरशीविरोधी उपचार लागतात, क्रीमने पापुद्रे नुसते झाकले जातात. गोल चट्टा, कडेला उठलेला आणि मधून निवळत जाणारा, हे नायट्याचं लक्षण. त्यावर स्टेरॉइडचं क्रीम लावलं तर खाज थांबते पण बुरशी पसरते. तोंडाभोवती बारीक लाल फोड्या आणि ओठांलगत एक मोकळी पट्टी दिसत असेल तर चेहऱ्यावर स्टेरॉइड लावलं जातंय का ते तपासा, कारण काही ‘गोरेपणाच्या’ क्रीममध्ये ते गुपचूप असतं. अंगभर अचानक कोरडेपणा आला, सोबत थकवा, वजन वाढणं किंवा थंडी सहन न होणं असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि आयसोट्रेटिनॉइनसारखी मुरुमांची औषधंही त्वचा कोरडी करतात.

जागेनुसार थोडं वेगळं

हातांसाठी: प्रत्येक धुण्यानंतर क्रीम, भांडी-कपड्यांना हातमोजे आणि त्यांच्या आत सुती अस्तर. मळ दिसत नसेल तर वारंवार साबणापेक्षा अल्कोहोलचं सॅनिटायझर त्वचेला सोपं जातं, फक्त भेगांवर ते झोंबतं. ओठांसाठी मेन्थॉल, कापूर आणि चवी नसलेली साधी पेट्रोलियम जेली, आणि ओठ चाटणं बंद. टाचांना २० टक्क्यांपुढचा युरिया चालतो, पण उघड्या भेगेत नाही. पापण्यांवर खाज असेल तर संशय फक्त आय क्रीमवर घेऊ नका. नेलपॉलिश, केसांचा रंग आणि शाम्पूची ॲलर्जी बऱ्याचदा पापणीवरच उमटते, कारण तिथली त्वचा सगळ्यात पातळ असते.

डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं असेल तर ते आणि मॉइश्चरायझर एकावर एक थापू नका, मध्ये १५ ते ३० मिनिटं जाऊ द्या. सनस्क्रीनखाली क्रीमचे गोळे सुटत असतील तर थर पातळ करा आणि दहा मिनिटं थांबा. डबीत बोटं घालण्याऐवजी स्वच्छ चमचा वापरा. आणि हे सहसा कुणी सांगत नाही: पॅराफिनचं मलम, म्हणजे पेट्रोलियम जेलीसुद्धा, कपड्यांत आणि चादरीत मुरतं, धुऊनही पूर्ण जात नाही, आणि असं कापड लवकर पेट घेतं. गॅस, मेणबत्ती, सिगारेट यांच्याजवळ जपून.

किती दिवस थांबायचं, आणि कधी थांबायचं नाही

ओढ आणि खरखर दोन-तीन दिवसांत कमी व्हायला हवी. थर नीट सावरायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि या काळात एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदल एकदम केले तर कोणत्याने गुण आला आणि कोणत्याने बिघडलं ते कळणार नाही. पिवळ्या खपल्या, पू, ताप, झपाट्याने पसरणारी लाली, किंवा दुखरे, एकसारखे, मधे खड्डा असलेले फोड दिसले तर चार आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सगळं करूनही ॲलर्जीसारखा त्रास परत येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर घटकांच्या पट्ट्या ४८ तास ठेवतात आणि साधारण दोन दिवस आणि चार दिवसांनी बघतात, त्यामुळे त्या आठवड्यात पाठ ओली करता येत नाही आणि घाम गाळणारं कामही नको. चाचणीला जाताना वापरात असलेल्या सगळ्या ट्यूब, शाम्पू, नेलपॉलिशच्या बाटलीसकट, पिशवीत घालून न्या. वेष्टन फेकलं असेल तर यादीचा फोटो तरी हवा.